ताड, चिकू आणि मोकळा किनारा : नरपडच्या निवांत दिवसाची घडण

फ्रान्समधील बोर्दो आणि बर्गंडी, इटलीतील तस्कनी, पोर्तुगालमधील दोरू नदीचे खोरे किंवा जर्मनीतील ऱ्हाईनकाठ या भूभागांना युरोपात ‘वाइनचे प्रदेश’ म्हणून ओळखले जाते आणि तेथे सुटीचा दिवस घालवण्याची एक रुळलेली रीत आहे. सकाळी द्राक्षमळ्यांमधल्या पायवाटांनी हिंडावे, दुपारी त्याच शिवारात पिकलेल्या जिनसांचे जेवण सावकाश जेवावे, नंतर एखाद्या जुन्या तळघरात ओक लाकडाच्या पिंपांत मुरलेल्या वाइनची चव घ्यावी आणि दिवस मावळेपर्यंत फारसे काही करू नये, एवढाच त्या दिवसाचा कार्यक्रम असतो. अशा सुटीत पाहण्याजोगे एकच एक मोठे स्थळ नसते. कसलेली जमीन, तिच्यावर राबणारी माणसे, तिथले पीक आणि त्या पिकापासून होणारे पेय हे सारे एका नजरेत सामावते, आणि या एकत्रपणातच प्रवाशाला विसावा मिळतो.

हा विसावा आपोआप आलेला नाही, तो कायद्याने आणि सवयीने राखलेला आहे. तस्कनीच्या राज्यकर्त्याने १७१६ मध्ये कियान्ती वाइनच्या प्रदेशाच्या सीमा फर्मान काढून ठरवल्या, तर पोर्तुगालमध्ये पोंबालच्या मार्क्विसने १७५६ मध्ये दोरूच्या खोऱ्याची आखणी करून तिथल्या वाइनचे उत्पादन आणि व्यापार नियमांत बांधला. फ्रान्सने १९३५ मध्ये मूळस्थानदर्शक नावांचा कायदा केला. त्यामुळे विशिष्ट गावचे नाव लावून विकल्या जाणाऱ्या वाइनची द्राक्षे त्याच गावच्या आखलेल्या क्षेत्रातली आणि ठरलेल्या जातींचीच असणे बंधनकारक झाले. माती, हवामान, उतार आणि शेतकऱ्याची पिढीजात हातोटी यांचा पिकावर उमटणारा एकत्रित ठसा फ्रेंच लोक ‘तेर्वार’ या शब्दाने ओळखतात आणि १९३५ च्या कायद्याने त्या कल्पनेला जणू सातबाऱ्यावर जागा दिली. इटलीने १९८५ मध्ये शेतीपर्यटनाचा कायदा करताना आणखी एक अट घातली : पाहुण्यांची सोय हा शेतीला जोड असणारा व्यवसाय असावा, शेती बाजूला सारून तो करता येणार नाही. युरोपातील निवांत दिवसाचे मर्म या अटीत आहे. तेथे प्रवासी येतो म्हणून मळा टिकवलेला नाही. मळा टिकला म्हणून प्रवासी येतो.

महाराष्ट्रात या प्रकारच्या सुटीचा विषय निघाला की नाशिकचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेली सुला वाइनरी, द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी राज्याने २००१ मध्ये आखलेले धोरण आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला मिळालेले भौगोलिक मानांकन यांमुळे गंगापूर धरणाच्या परिसराला युरोपच्या धर्तीवरचे रूप आले. तथापि नाशिकमधील पर्यटन बहुतांशी वाइनरीच्या आवारात घडते आणि पाहुणा गावात क्वचितच शिरतो. वाइनच्या प्रदेशाचे मर्म द्राक्षात आहे की जमीन, पीक, पेय आणि कायदा यांच्या जुळणीत आहे, हे तपासायचे असेल, तर द्राक्षाचा एकही वेल नसलेला पालघर जिल्ह्यातील एक किनारा अधिक उपयोगी पडतो. तो म्हणजे डहाणू शहराच्या उत्तरेला, बोर्डीकडे जाणाऱ्या सागरी रस्त्यावर वसलेले नरपड आणि त्याच्या आसपासचा वाड्यांचा पट्टा.

किनारा आणि त्याचे घड्याळ

डहाणूच्या पारनाक्यावरून उत्तरेकडे निघालेला रस्ता आगर, नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी अशी गावे घेत झाईपाशी महाराष्ट्राच्या हद्दीवर पोचतो. या संपूर्ण वाटेवर समुद्र डाव्या हाताला राहतो आणि उजव्या हाताला वाड्या. ‘वाडी’ हा शब्द येथे वस्तीबरोबरच फळबागेसाठीही वापरला जातो. कुंपणाआड चिकू, नारळ, आंबा आणि लिची यांची झाडे, मध्ये विहीर आणि एका कडेला बैठे घर, असे तिचे ठरावीक रूप असते. डहाणू ते बोर्डी हा किनारा सुमारे १७ किलोमीटर लांबीचा असून नरपड त्याच्या दक्षिण टोकाकडे येते. पश्चिम रेल्वेची उपनगरी गाडी एप्रिल २०१३ पासून डहाणू रोड स्थानकापर्यंत येऊ लागली आणि तेव्हापासून मुंबईच्या माणसाला येथे येऊन त्याच दिवशी परतणे शक्य झाले.

हा किनारा कोकणातील इतर अनेक किनाऱ्यांपेक्षा वेगळा आहे. खंबातच्या आखाताच्या दिशेने जावे तसतशी भरती-ओहोटीची तफावत वाढत जाते, आणि डहाणूचा किनारा अतिशय सपाट असल्यामुळे ही तफावत उंचीपेक्षा अंतराने अधिक जाणवते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास येणाऱ्या मोठ्या भरतीला कोळी ‘उधाण’ म्हणतात, तर अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला ‘भांग’ म्हणतात. उधाणाच्या दिवसांत पाणी सुरूच्या बनापर्यंत चढते आणि सहा तासांनी तेच पाणी इतके मागे सरते की काळसर, ओल्या वाळूचे रुंद मैदान उघडे पडते. त्या मैदानावर मुले क्रिकेट खेळतात, टांगे धावतात आणि मांगेला व माच्छी समाजांतील बायका खडकांच्या कपारींतून कालवे आणि खेकडे वेचतात.

भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याने येथील सुटीच्या दिवसाला छापील वेळापत्रक लावता येत नाही. आज सकाळी आठला जेथे पाय बुडत होते, तेथे चार दिवसांनी त्याच वेळी वाळू कोरडी असते. किनाऱ्यावर राहणाऱ्याला तिथी ठाऊक असते आणि त्यावरून तो पाण्याची वेळ सांगतो. शहरातून आलेल्या माणसाला मात्र वेळ विचारावी लागते, मग वाट पाहावी लागते, आणि या वाट पाहण्यातच त्याच्या दिवसाची गती उतरते. युरोपातील मळ्यांत ऋतू जे काम करतो, ते नरपडला चंद्र करतो.

ताडाखालची सकाळ

सुरूच्या बनामागे आणि खाजणांच्या कडेने ताड व शिंदीची झाडे उभी आहेत. खाजण म्हणजे भरतीचे खारे पाणी ज्यात शिरते अशी सखल जमीन. या झाडांपासून मिळणारा रस हे या प्रदेशाचे सर्वांत जुने पेय होय. ताडाच्या शेंड्यातील कोवळ्या फुलोऱ्याला आधी चेचून मऊ करतात आणि मग त्याच्या टोकाचा पातळ काप काढतात, तर शिंदीच्या बुंध्यावर, शेंड्याच्या खाली, छेद देतात. काप रोज नव्याने काढावा लागतो, अन्यथा जखम वाळून रस थांबतो. ताड चढणारा माणूस कमरेला दोराचा वेढा आणि पायांत फास अडकवून, मागे धारदार कोयती खोचून, दिवसातून किमान दोनदा प्रत्येक झाडावर चढतो. चढणे, काप काढणे, भरलेले मडके सोडून रिकामे बांधणे आणि उतरणे ही सारी क्रिया सराईत माणूस इतक्या सहज करतो की खालून पाहणाऱ्याला तिच्यातील धोका लक्षात येत नाही.

फुलोऱ्यातून ठिबकणारा रस गोड आणि निर्मादक असतो. त्याला नीरा म्हणतात. हवेतील आणि मडक्यातील किण्व, म्हणजे साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारे सूक्ष्मजीव, त्यात शिरले की आंबण्याची क्रिया लगेच सुरू होते आणि काही तासांतच नीरेची ताडी होते. म्हणून नीरा हवी असेल, तर मडके आतून चुन्याने सारवतात, रात्रीच्या गारव्यात साठलेला रस उजाडण्यापूर्वी उतरवतात आणि थंड ठेवतात. सूर्य वर आला की त्याच झाडाच्या त्याच रसाला मंद आंबूस वास येतो, वर फेस धरतो, आणि दुपारपर्यंत त्याची चव गोडाकडून आंबटाकडे व आंबटाकडून कडसर उग्रपणाकडे सरकते. द्राक्षाच्या वाइनला जे बदल पिंपात काही महिन्यांत आणि काही वर्षांत घडवून आणावे लागतात, त्यांतला पहिला टप्पा येथे एका सकाळीत डोळ्यांदेखत पार पडतो. साहजिकच ताडी साठवता येत नाही आणि दूर पाठवता येत नाही. ती जेथे उतरते तेथेच पिण्याचे पेय आहे, आणि या अर्थाने ती कोणत्याही फ्रेंच वाइनपेक्षा आपल्या गावाला अधिक बांधलेली आहे.

असे असूनही ताडीभोवती वाइनसारखी प्रतिष्ठा का निर्माण झाली नाही, याचे उत्तर चवीत शोधून सापडत नाही, ते कायद्याच्या इतिहासात सापडते. युरोपातील राज्यकर्ते आपल्या शेतकऱ्याच्या पेयाला सीमा आणि नाव देऊन जपत होते, त्या काळात मुंबई इलाख्यातील ब्रिटिश सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी आणि देशी दारू हे महसुलाचे साधन बनवले. रस काढण्यासाठी झाडामागे कर द्यावा लागू लागला, विक्रीचे मक्ते लिलावात जाऊ लागले, आणि घरच्या झाडाची ताडी घरात पिणारा आदिवासी परवान्याच्या दुकानात गिऱ्हाईक होऊन उभा राहिला. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जमवण्यावरही निर्बंध आणले. मक्ते घेणाऱ्यांत पारशी व्यापारी मोठ्या संख्येने होते. दुकानातील उधारी कर्जात आणि कर्जाची परतफेड जमिनीत होत गेली, तसे या पट्ट्यातील जमिनीचे चित्रच पालटले.

या व्यवस्थेला मिळालेले उत्तरही याच किनाऱ्यावरून निघाले. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांत देवीची एक चळवळ उभी राहिली. अंगात देवी येणारी माणसे तिच्या आज्ञा म्हणून दारू-ताडी सोडण्यास, स्वच्छ राहण्यास आणि मद्यविक्रेत्यांशी व्यवहार तोडण्यास सांगू लागली. ही लाट पाहता पाहता उत्तरेला दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात पसरली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चळवळीचा सविस्तर मागोवा घेतला असून, मद्यत्यागामागे आर्थिक पिळवणुकीतून सुटण्याची खटपट होती, असे त्यांनी दाखवले आहे. पुढे गांधीवादी कार्यकर्त्यांनी ताडाकडे पुन्हा वेगळ्या नजरेने पाहिले आणि रस आंबू न देता त्याची नीरा व ताडगूळ करण्याचा मार्ग धरला. त्या कामाला आयुष्य वाहिलेले गजानन नाईक यांचे नाव डहाणूतील खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या प्रशिक्षण केंद्राला दिलेले आहे, आणि जून २०२१ मध्ये आयोगाने डहाणूतच नीरा व ताडगुळाच्या नव्या प्रकल्पाला आरंभ केला.

आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ या मूळ चौकटीखाली ताडीची विक्री परवान्यानेच होते. रस्ता उत्तरेकडे आणखी थोडा नेला, तर झाईपलीकडे गुजरात लागते आणि तेथे दारूबंदी आहे, त्याच्याही पुढे १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या दमणमध्ये ती नाही. किनाऱ्याच्या एकाच सलग पट्टीवर, तीच झाडे आणि तोच रस असताना, एका पेयाच्या वाट्याला तीन प्रकारचे कायदे येतात. सुटीसाठी आलेला माणूस सकाळी सुरूच्या सावलीत नीरेचा पेला हातात घेतो, तेव्हा त्या पेल्यामागे एवढा इतिहास उभा असतो.

वाडीतली दुपार

दुपारचे ऊन चढले की नरपडमध्ये जाण्याजोगी जागा एकच असते, ती म्हणजे चिकूची वाडी. चिकूचे झाड सदाहरित आणि घेरदार असून त्याच्या फांद्या जमिनीच्या बऱ्याच जवळ पसरतात. जुन्या वाडीत शेजारशेजारच्या झाडांचे घेर एकमेकांना भिडल्याने खाली दाट, थंड आणि किंचित ओलसर सावली असते. बाहेरच्या रस्त्यापेक्षा येथील गारवा त्वचेला लगेच कळतो, म्हणूनच जेवणानंतरची बाज झाडाखालीच टाकली जाते.

हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले आहे. तेथे त्याच्या चिकापासून चघळण्याचा डिंक काढला जात असे. महाराष्ट्रात त्याची पहिली लागवड १८९८ मध्ये घोलवडला झाली, असे फळशास्त्राच्या ग्रंथांत नमूद आहे. डहाणू पट्ट्यात प्रामुख्याने ‘कालीपत्ती’ ही जात लावली जाते. गडद हिरवी पाने, मध्यम लांबट गोल फळ, मऊ दाणेदार गर आणि मोजक्या बिया ही तिची लक्षणे होत. तिची कलमे पुष्कळदा खिरणीच्या खुंटावर बांधली जातात. खिरणी ही चिकूच्याच कुळातली, पिवळ्या गोड फळांची देशी वनस्पती आहे. तिची मुळे चिवट आणि खोल जाणारी असल्याने पाण्याचा ताण आणि किनाऱ्यावरची जमीन तिला सोसते. भेटकलमाच्या पद्धतीत कुंडीतील खिरणीचे रोप चिकूच्या फांदीला टेकवून दोघांच्या साली सोलतात, उघड्या जागा एकमेकींना जुळवून घट्ट बांधतात आणि सांधा जुळला की फांदी मातृवृक्षापासून तोडतात.

येथे युरोपच्या मळ्यांशी एक लक्षणीय साम्य दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या ‘फायलोक्सेरा’ नावाच्या मुळे खाणाऱ्या सूक्ष्म किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा उपाय असा निघाला की, किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय द्राक्षाचे कलम करावे. तेव्हापासून बोर्दो आणि बर्गंडीतील बहुतेक वेली वरून युरोपीय आणि मुळांत अमेरिकन आहेत. घोलवड-नरपडच्या वाडीत नेमके उलट घडलेले आहे, कारण तेथे फळ अमेरिकन आणि मूळ देशी आहे. ज्याला आपण ‘या मातीचे’ म्हणतो ते पीक अनेकदा असे दोन खंडांच्या सांध्यातून उभे राहिलेले असते, आणि तरीही ते त्या मातीचेच असते, कारण चव खुंटाच्या मुळांनी शोषलेल्या पाण्यातून आणि तिथल्या हवेतून येते.

‘डहाणू-घोलवड चिकू’ या नावाला २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन या विचारावरच आधारलेले आहे. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या मालाचा गुण त्याच्या मूळ स्थानामुळे आहे, हे कायद्याने मान्य करून ते नाव इतरत्रच्या मालाला वापरण्यास बंदी करणे होय. भारताने त्यासाठीचा कायदा १९९९ मध्ये केला आणि २००३ मध्ये तो अमलात आला. महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाने मिळवलेल्या या मानांकनात घोलवडच्या मातीतील चुन्याच्या भरपूर अंशाशी फळाच्या गोडीचा संबंध जोडलेला आहे. पालघर जिल्ह्यात सुमारे ५,००० हेक्टर क्षेत्र चिकूखाली असून २०२१ मध्ये मानांकनाच्या नावाने येथील फळाची ब्रिटनला निर्यातही झाली.

वाडीतील काढणी जवळून पाहण्यासारखी असते. चिकू झाडावर पिकून खाण्याजोगा होत नाही, तो तयार झाल्यावर काढून आढीत पिकवावा लागतो, आणि तयार झाला की नाही हे रंगावरून चटकन ओळखता येत नाही, कारण कच्चे आणि तयार फळ दोन्ही तपकिरीच दिसते. अनुभवी मजूर दोन खुणा पाहतो. फळावरचा खरखरीत कोंडा बोटाने चोळताच सहज निघून येतो का, हे तो आधी बघतो, आणि मग नखाने साल किंचित ओरखडतो. आत हिरवी रेघ उमटली आणि पांढरा चीक आला, तर फळ ठेवायचे, पिवळसर रेघ उमटली तर काढायचे. उंचावरची फळे टोकाला जाळी लावलेल्या लांब बांबूने देठासह उतरवतात, कारण आपटलेले फळ आढीत एका बाजूने सडते. नंतर आकारानुसार प्रतवारी होते आणि माल मुंबई, गुजरात व उत्तर भारताच्या बाजारांकडे निघतो.

फळाचे पेय

चिकूची वाइन होऊ शकते, ही कल्पना बोर्डीत प्रत्यक्षात आली. प्रियांका सावे आणि नागेश पै या दांपत्याच्या हिल झिल वाइन्स या उद्योगाने ‘फ्रुझांते’ या नावाने चिकूपासून बुडबुडेदार फळवाइन बाजारात आणली आणि पुढे अननस, आंबा, करमळ अशा फळांचीही पेये केली. फळवाइन म्हणजे द्राक्षाऐवजी दुसऱ्या फळाचा रस आंबवून केलेले, ऊर्ध्वपातन न केलेले सौम्य पेय. बोर्डीत २०१३ पासून भरू लागलेल्या चिकू महोत्सवाने चिकूचे लोणचे, चिप्स, भुकटी, बर्फी यांबरोबर या प्रदेशाची ओळखही मुंबईकरांपर्यंत पोचवली.

चिकूची वाइन करणे तांत्रिकदृष्ट्या सोपे नाही. द्राक्षात साखर आणि आम्लता यांचा तोल निसर्गतःच जमलेला असतो. साखरेतून मद्यार्क निर्माण होतो, तर आम्लतेमुळे पेय टवटवीत लागते आणि नको ते जंतू दूर राहतात. चिकूत साखर भरपूर पण आम्लता नगण्य असते, त्यामुळे ती बाहेरून द्यावी लागते. फळ कच्चे घेतले, तर चीक आणि तुरटपणा रसात उतरतो आणि जास्त पिकलेले घेतले, तर गर इतका बुळबुळीत होतो की रस निथळून निघत नाही, म्हणून विकर वापरून गरातील चिकट घटक विरघळवावे लागतात. आढीतून फळ नेमक्या कोणत्या दिवशी उचलायचे, हा निर्णय येथे महत्त्वाचा ठरतो, आणि द्राक्षतोडणीचा दिवस ठरवणाऱ्या बर्गंडीच्या मळेवाल्याचीही चिंता याच जातीची असते.

दुपारच्या जेवणातही हा प्रदेश दिसतो. घोल, पापलेट किंवा बोंबील समुद्राच्या बाजूने येतात. हिवाळ्यात वालपापडी, कोनफळ आणि रताळी मडक्यात भरून, मडके पाल्याने बंद करून, विस्तवात भाजलेली उकडहंडी मिळते. इराणी-पारशी घरांत धानसाक आणि पात्रा नी मच्छी असते. सुमारे हजार वर्षांपूर्वी संजाणला उतरलेल्या पारशांचा वारसा या किनाऱ्याला आहे आणि संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरातील गुहांत सुमारे बारा वर्षे लपवून ठेवला होता, ही परंपरा आजही यात्रेकरूंना तेथे आणते. वाड्या वाढवणारे इराणी झरथुष्ट्री मात्र त्यांच्या कितीतरी नंतर, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत, इराणातून आले.

सावलीचा हिशेब

वाडीतील सावलीचा हिशेब तिथे राबणाऱ्या हातांशिवाय पूर्ण होत नाही. काढणी, खणणी, शिंपण आणि प्रतवारी करणारे मजूर मुख्यतः वारली, दुबळा, धोडी आणि कोकणा समाजांचे आहेत, आणि या भागात शेतमजुरीचा इतिहास कडवट आहे. जमीनदारांकडे विनामूल्य राबण्याची वेठबिगार आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायकोला सावकाराकडे गडी म्हणून बांधून ठेवणारी ‘लग्नगडी’ची प्रथा यांविरुद्ध १९४५ मध्ये किसान सभेच्या झेंड्याखाली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाने वारल्यांचा उठाव झाला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात आदिवासी मारले गेले, परंतु वेठीची प्रथा मोडली. याच १९४५ साली बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेऊन आदिवासी मुलांपर्यंत पोचवले. युरोपातील मळ्यांच्या मोहक चित्रामागेही परक्या देशांतून हंगामापुरत्या आणलेल्या मजुरांची मेहनत असते. विसाव्याचा प्रदेश म्हणवणाऱ्या कोणत्याही भूभागाची खरी परीक्षा, तेथे राबणाऱ्याला स्वतःचा विसावा मिळतो की नाही, यावर होते.

डहाणूची हिरवाई टिकण्यामागे दुसरा एक लढा आहे. येथे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभारण्याचे ठरल्यावर राखेने आणि धुराने वाड्या करपतील, या भीतीपोटी नर्गिस इराणी आणि इतर स्थानिक बागायतदार न्यायालयात गेले. केंद्र झालेच, पण २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना तेथे बंदी झाली, उद्योगांसाठीची एकूण जमीन ५०० एकरांवर मर्यादित झाली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षित पट्टा आखला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद सांभाळले. वीज केंद्राच्या धुरातील गंधक वेगळे करणारी यंत्रणा याच प्राधिकरणाच्या आग्रहामुळे बसली, आणि १९९८ मध्ये वाढवण येथील प्रस्तावित बंदराला त्याने नकार दिला.

नरपडमध्ये आज पारनाक्याहून चालत जाताना कारखान्याची भिंत लागत नाही, हा त्या अधिसूचनेचा परिणाम आहे. फ्रान्सच्या १९३५ च्या कायद्याने जे मळ्यांसाठी हेतुपूर्वक केले, ते डहाणूत एका वीज केंद्राच्या विरोधातून, जवळजवळ आडवाटेने, घडून आले. भौगोलिक मानांकन फळाचे नाव राखते, पण ज्या जमिनीवर ते फळ येते ती राखण्याची ताकद त्याच्यात नाही. ते काम येथे १९९१ ची अधिसूचना करत आली आहे. या दोहोंना जोडणारा तिसरा दुवा शेतीपर्यटनाचा असू शकतो. राज्याने २०२० मध्ये मंजूर केलेल्या कृषी पर्यटन धोरणाने वाडीवाल्याला पाहुणे ठेवण्याची अधिकृत वाट करून दिली असली, तरी वाडी पडीक टाकून केवळ खोल्या बांधल्या, तर पाहुणा ज्या सावलीसाठी येतो ती सावलीच उरणार नाही.

प्रश्न आता अधिक तातडीचा झाला आहे. प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये वाढवण बंदराला संमती दिली, केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेमार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गही याच जिल्ह्यातून जातात. बंदराच्या बाजूने रोजगार आणि व्यापाराचा युक्तिवाद केला जातो, तर मच्छीमार आणि बागायतदार मासेमारीचे क्षेत्र, किनाऱ्याची धूप आणि पिकांवरचा परिणाम यांकडे बोट दाखवतात. दोन्ही बाजूंच्या हिशेबात एक गोष्ट सहसा धरली जात नाही. विसावा हेही या भूमीचे उत्पादन आहे आणि त्यासाठी ताड चढणाऱ्याचे कसब, खिरणीच्या खुंटावरची चिकूची झाडे, मोकळी वाळू आणि कारखाना नसलेला रस्ता एवढा सगळा माल एकाच ठिकाणी जमावा लागतो. दोरूच्या खोऱ्यात हा हिशेब १७५६ पासून मांडला जात आहे. नरपडसाठी तो मांडायचा, तर नरपडच्या वाडीवाल्यांना, वारली मजुरांना, मांगेला मच्छीमारांना आणि ताडी उतरवणाऱ्यांना एकत्र बसावे लागेल, कारण या चौघांपैकी एकाच्याही वाट्याचा कायदा इतरांना वगळून टिकत नाही, हे या किनाऱ्याने १८७८ पासून अनुभवलेले आहे.